दोन जावयांचा उजेड

मोरेश्वर परचुऱ्यांनी सकाळी फोटोतल्या साडूवर मल्टिप्लाय लावलं, आणि अकराच्या सुमारास साडू स्वतः भर उन्हातून काळोखा होऊन त्यांच्या स्टुडिओत आला.

फोटो तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याच्या महिन्यातला. दोन पाटांवर दोन जावई, मधे निरांजन घेऊन सासूबाई. कॅमेरा मोरेश्वररावांनीच कपाटावर टेकवला होता आणि खिडकी कुणाच्या बाजूला येते हे पाहायचं राहिलं होतं. ती धाकट्या हेमंतच्या बाजूला आली. सासूबाईंनी फोटो भिंतीवर लावला. येणारा-जाणारा विचारी, "हे देखणे जावई कोण?" बोट कधी चुकून थोरल्याकडे गेलं नाही.

उद्या पुन्हा धोंड्याचं जेवण होतं. मोरेश्वररावांना नवी प्रत न्यायची होती. युक्ती साधी: संगणकात फोटोवर त्याचीच दुसरी प्रत, म्हणजे एक लेअर, ठेवायची. ती मल्टिप्लाय केली की खालचं गडद होतं, स्क्रीन केली की उजळतं.

"मोरेश्वरराव, माझ्यावर सावली आहे का हो?" हेमंतने विचारलं.

"ढग आले असतील."

"नाहीत. मी पाहिलं. रिक्षावाला दोनदा म्हणाला, मागे कोणी बसलंय का."

हेमंत गेल्यावर मोरेश्वररावांनी फोटोतल्या स्वतःवर स्क्रीन लावलं. हात उजळले. शेजारच्या वाण्याने औषधाच्या बाटलीवरचं बारीक लिहिलेलं वाचायला त्यांना पाच मिनिटं उसनं नेलं. बरं वाटलं, पण पुरलं नाही. जेवताना बायको, वृंदा, म्हणाली, "हेमंतराव भेटले वाटेत. काय गार वाटलं हो त्यांच्याजवळ उभं राहून."

मोरेश्वररावांनी दुपारी स्वतःवर स्क्रीनच्या आणखी सहा प्रती चढवल्या. मग रोजच्या सवयीने, डिस्कवर जागा नको अडायला म्हणून, सगळे लेअर एक करून जुन्या फोटोवरच सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडे सगळी मंडळी हेमंतच्या बाजूला सरकून बसली होती. मांजरही त्याच्याच मांडीत. मोरेश्वररावांच्या मिशीची कड सकाळीच उजेडात गेली होती, पानं मांडेपर्यंत नाकही गेलं.

"अहो, जरा कमी करता का?" डोळ्यांवर हात धरून वृंदाने विचारलं.

"आता होत नाही. लेअर एक केले."

"मूळ फोटो?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं."

सासूबाईंनी आधी धाकट्याला ओवाळलं. भर दुपारी निरांजनाची ज्योत हेमंतसमोर अशी सोनेरी दिसली की मंडळी बोलायची थांबली. "आई, आधी थोरल्यांना ओवाळायचं ना," वृंदा पुटपुटली.

"ते सापडले तर," सासूबाई म्हणाल्या, आणि तबक घेऊन वळल्या. मोरेश्वररावांसमोर येताच ज्योत दिसेनाशी झाली. निरांजन होतं, वातही होती.

"जावईबापू, कपाळ कुठे आहे?"

"इथेच, आई."

त्यांनी मान पुढे केली. तीन वर्षं वाट पाहिलेलं कुंकवाचं बोट पुढे आलं, अजून पुढे आलं. आधी कुंकू पांढरं झालं, मग बोट, मग हिरव्या बांगड्या.

"अजून थोडं पुढे," मोरेश्वरराव म्हणाले.

वृंदाने मागून आईचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.