उजव्या नळीतली सावली

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा रंग जागोजागी उडाला आहे आणि गळ्यातला पट्टा दोनदा शिवलेला आहे. माझी भिंगे बसवणारा कारागीर श्वास रोखून काम करी. धुळीचा एक कण आत राहिला, तर तो जन्माचा सोबती, असे तो म्हणे.

पुढे मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आले. तिथे आम्ही तिघी शेजारी होतो, त्यांत मीच सर्वांत स्वस्त. एके दिवशी एक बाई यजमानांना घेऊन आल्या. त्या छापखान्यात मुद्रितशोधक होत्या.

"दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ शोधून डोळे शिणतात हो," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "संध्याकाळी गच्चीतून तळ्यावरचे पक्षी बघावेत म्हणते."

"घ्यायची तर सगळ्यात महाग घे," यजमान म्हणाले. "पुन्हा पुन्हा कोण घेतंय?"

दुकानदाराने आधी माझी सर्वांत थोरली शेजारीण दिली. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बाईंना जवळ दिसली, पण ती नाचतच राहिली. "लांबचं जवळ आणते, तशी हाताची थरथरही मोठी करते," दुकानदार हसून म्हणाला. दुसरी होती सर्वांत महागडी. तिच्यातून बाईंच्या चष्म्यामुळे चित्राचा मधला तुकडाच काय तो दिसे! मग माझी पाळी आली. दुकानदाराने माझ्या रबरी कडा चष्म्यासाठी दुमडल्या आणि उजव्या डोळ्याचे चाक हळूहळू फिरवायला सांगितले.

"अगंबाई!" बाई एकदम म्हणाल्या. "पाटीवर 'औषधी'चा 'धी' ऱ्हस्व काढलाय!"

"झालं! ही घरी न्यायची," यजमान म्हणाले. किंमत कमी म्हणून त्यांना मी जरा उणीच वाटले होते, पण त्या दिवशी मी कृतार्थ झाले.

नऊ वर्षे मी रोज संध्याकाळी तळे पाहिले. बगळे, पाणकोंबड्या, एकदा तर चुकून आलेला करकोचा! तो दिसला तेव्हा बाईंनी शेजारणीलाही हाक मारून वर बोलावले होते.

मग एका सकाळी त्यांनी मला डोळ्यांना लावले आणि लगेच खाली घेतले. "हिच्या उजव्या नळीत काळं आलंय. नाकाकडच्या कोपऱ्यात पडदा लावल्यासारखं."

"तरी मी म्हणत होतो, महागातली घे!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नव्या दुर्बिणीच्या बदल्यात मला देऊन टाकायचे ठरले आणि दोघे त्याच दुकानात गेले.

दुकानदाराने मला डोळ्यांना लावले. "मला तर लख्ख दिसतंय." मग त्याने मला बाईंच्या हातात दिले. "बाई, हिची खालची बाजू वर करून बघा बरं. म्हणजे उजवी नळी डाव्या डोळ्यासमोर येईल."

बाईंनी पाहिले. "सावली उजवीकडेच आहे."

दुकानदाराने मला अलगद खाली ठेवले. "दुर्बीण ठणठणीत आहे. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आत्ता. उद्यावर टाकू नका." एवढे बोलून त्याने दुकानाला कुलूप लावले आणि तो स्वतः त्यांच्याबरोबर निघाला.

डोळ्याचा आतला पडदा सुटत चालला होता. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर तो डोळा गेलाच असता, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाई डोळ्याला पट्टी लावून पडून असत आणि यजमान शेजारी बसून मऊ कापडाने मला पुसत असत. पुसता पुसता एकदा ते हळूच म्हणाले, "माझं चुकलं." ते मला म्हणाले की बाईंना, कोण जाणे.

डोळा वाचला. बाई पुन्हा छापखान्यात रुजू झाल्या आणि संध्याकाळी पुन्हा गच्चीत येऊ लागल्या.

पण काळ कुणासाठी थांबतो? यजमान गेले. बाईंचे हात कापू लागले, त्यांना मला धरवेना. मी कपाटात चादरींच्या मागे गेले. पाच पावसाळे तिथल्या ओलीत काढले. माझ्या डाव्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली. कुणी माझे नावही काढीना.

गेल्या महिन्यात बाईंची लेक राहायला आली. आवराआवर करताना मी तिच्या हाती लागले. तिने मला साफ करून आणले. बुरशी पुरती गेली नाही, एक डाग राहिलाच. आता संध्याकाळी ती आईची खुर्ची गच्चीत आणते आणि मला स्वतःच्या डोळ्यांना लावते.

मित्रांनो, जी वस्तू घ्याल ती आपल्या अंगाला, आपल्या डोळ्यांना मानवते का ते पाहून घ्या. तिला कोरड्या जागी ठेवा. आणि नजरेत काही बिघडलेसे वाटले, तर दोष वस्तूला देऊन थांबू नका.

"काय दिसतंय गं?" बाई विचारतात.

"पाणकावळा. दगडावर पंख वाळवत बसलाय."

"एकच?"

"थांब हं आई. नीट बघून सांगते."

आणि ती मला तळ्यावरून अगदी सावकाश फिरवते.