कॉफिन पाथवरचा नमस्कार

"कुणाला विचारायचं नाही, उल्का. कधीच नाही. विचारलंस की ती वाट मालकाची झाली. नुसतं चालत जायचं."

विनिफ्रेडबाई हे मला पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा फाटकाला टेकून, एका पायावर उभ्या राहून बुटातला खडा झटकत होत्या. आम्ही लंडनमधलं हॅरो सोडून हॅम्पशरमधल्या या नेदर कॉम्बली गावात नुकतेच आलो होतो. श्रीकांत, माझे यजमान, बेसिंगस्टोकला भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले होते. विनिफ्रेडबाई शेजारच्या. गावाच्या बुलेटिनमध्ये दर महिन्याला त्या गावचा इतिहास लिहायच्या, आणि इतिहासात त्यांचा सगळा जीव त्या एका वाटेवर होता.

वाटेचं नाव कॉफिन पाथ. टेकडीपलीकडच्या वस्तीला पूर्वी स्वतःची दफनभूमी नव्हती. तिथलं कुणी गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन आता पेनफोल्ड नावाच्या शेतकऱ्याचं आहे त्या शेतातून आमच्या चर्चपर्यंत आणायचे. मध्ये एक झरा आहे. झऱ्याशेजारच्या सपाट दगडावर पेटी टेकवायची, खांदेकऱ्यांनी पाणी प्यायचं, की पुन्हा उचलायची.

"लोक सकाळी उठून देवळात जातात," श्रीकांत म्हणायचे, "आणि तू मयताच्या वाटेने देवाला पाणी आणतेस. आई असती तर तुला अंगणातच आंघोळ घातली असती."

माझा नेम लग्नाआधीपासूनचा. सकाळी वाहत्या पाण्याचा तांब्या आणायचा, त्याने देवांना स्नान घालायचं, आणि पाणी घरात येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हॅरोला नळ थोडा सोडून तेच वाहतं पाणी मानत होते. इथे खरा झरा मिळाला. मग पाऊस असो, बर्फ असो, भारतात गेले ते दिवस सोडले तर मी त्या वाटेने रोज गेले. विनिफ्रेडबाईंचं सांगणं पाळायला मला काही कष्टच नव्हते. मौन धरलेली बाई विचारणार तरी काय?

विनिफ्रेडबाई या हिवाळ्यात गेल्या. त्याआधी त्यांनी ती वाट सार्वजनिक म्हणून नोंदवावी असा दावा कौन्सिलकडे केला होता, कारण शेतमालक जाइल्स पेनफोल्ड जमीन विकायच्या मागे होते आणि घेणाऱ्याला मधून वाट नको होती. जूनच्या बुलेटिनमध्ये, जॅमची स्पर्धा आणि कुणाचं तरी हरवलेलं कासव यांच्या मध्ये बातमी आली: व्हिलेज हॉलमध्ये सुनावणी, सर्वांनी यावे.

वाट गेली असती तर झरा गेलाच असता, आणि चर्चला जायला फक्त मोठा रस्ता उरला असता. त्याला फुटपाथ नाही, आणि खडीचे लॉरीवाले तिथून कसे जातात ते मी पाहिलं आहे.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात मोरीन आमच्याकडे आली. बुलेटिन तीच काढते, आणि विनिफ्रेडबाईंमागे त्यांचा दावाही तीच चालवते. बाई मोठ्या आवाजाची, मनाची चांगली. चहाला हात न लावता तिने विचारलं, "उल्का, तू जाइल्सला रोज हात जोडायचीस?"

"का गं?"

"त्याने लेखी दिलंय. मिसेस आगाशे रोज फाटकाशी थांबून हात जोडून माझी परवानगी मागत, आणि मी रोज ती देत असे."

फाटकाशी मी थांबते, हे खरं. झऱ्यापाशी चिखल असतो, हातात भरला तांब्या असतो, म्हणून लांबूनच पाण्याला नमस्कार करते. फाटकातून सरळ पाहिलं तर आधी पेनफोल्डांचं अंगण आणि त्याच्या बरोबर मागे झरा. अंगणात ते चहाचा मग घेऊन उभे असतात. मी हात जोडले की ते मग उंचावतात आणि ओरडतात, "ऑफ यू गो!" म्हणजे, जा, निघा.

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे त्यांचं गुड मॉर्निंग.

"म्हणजे त्याला वाटलं, त्याचीच पूजा चाललीय," श्रीकांत हसून म्हणाले. मोरीन हसली नाही.

"डॉक्टर, नीट ऐका. वीस वर्षं लोक उघडपणे, भांडण न करता, परवानगी न घेता चालले असतील तर वाट लोकांची. परवानगीने चालले असतील तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी तो केव्हाही काढून घेऊ शकतो. बाकीचे आम्ही कुत्र्यांमागून चाललो. कुत्री मेली, आम्ही थांबलो. वीस वर्षं सलग चाललेली ही एकटी." मग माझा हात धरून म्हणाली, "तू एवढंच सांग, लव्ह. तो नमस्कार पाण्याला होता. जाइल्सला नव्हता. संपलं."

मी मान हलवली. ती गेली, आणि वाटलं, मान हलवायला नको होती.

कारण ते पूर्ण खरं नव्हतं. पेनफोल्डांची बायको, जीन, कॅन्सरने गेली. त्यानंतरच्या सकाळी ते अंगणात उभे होते, हातात चहाचा मग नव्हता, हात नुसते लोंबत होते. मी बोलू शकत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. दुखवट्याला गेल्यावर आपण जोडतो तसे. तेव्हापासून रोज आधी पाण्याला आणि मग त्यांना. कुठला नमस्कार कुठे संपत होता हे मलाही सांगता आलं नसतं.

देवपूजेत लक्ष लागेना. स्नान घालताना बाळकृष्ण हातातून निसटला. संध्याकाळी ग्लासगोहून देविकाचा फोन आला.

"आई, तू ओव्हरथिंक करते. तू फक्त बोल, मी पाण्याला नमस्कार करत होता."

"होते."

"हां, होते. दॅट्स नॉट अ लाय. हाफ ट्रुथ आहे."

"अर्धं खरं सांगून आलं तर ते पाणी देवाला कसं घालू?"

"आणि खरं सांगून पाथ बंद झाली तर कुठला पाणी घालशील?" तिने विचारलं. व्याकरण चुकलं होतं, प्रश्न चुकला नव्हता. मग तीच म्हणाली, "सॉरी, आई. तू जेवलीस का?"

जेवले नव्हते.

सुनावणीला हॉल भरला होता. एरवी बिंगोच्या रात्री लागतात त्या खुर्च्या. समोर सुनावणी घेणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरबाई, उजवीकडे पेनफोल्ड आणि त्यांचा तरुण वकील. पेनफोल्डांनी कोट घातला होता. गळ्यापाशी तो फार ढिला झाला होता.

माझं नाव पुकारलं. मी बोलले तर इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "जरा मोठ्याने." मी मोठ्याने बोलले तर त्या पुन्हा म्हणाल्या, "जरा मोठ्याने." कुणीतरी माइक आणला, तो किंचाळला. पेनफोल्ड माझ्याकडे टक लावून पाहत होते. माझ्या लक्षात आलं, त्यांनी माझा आवाज आज पहिल्यांदाच ऐकला.

वकिलाने छातीशी हात जोडून दाखवले. "असं करायचात?"

"हो."

"तुमच्याकडे विनंती करताना असं करतात?"

"करतात."

मोरीनने डोळे मिटले.

"आणखी कशासाठी करतात, मिसेस आगाशे?" हे इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"देवाला करतात. कुणी आलं की करतात, निघालं की करतात. चुकलं तर करतात. कुणाच्या घरी कुणी गेलं असेल तर करतात. पंगतीत वाढणारा ऐकत नसेल तर पुरे म्हणूनही करतात."

मागे हशा झाला. श्रीकांत सगळ्यांत मोठ्याने हसले.

"आणि तुम्ही कुणाला करत होतात?"

हाच तो क्षण. मला विनिफ्रेडबाई आठवल्या, आणि लगेच देवघर आठवलं. मी म्हणाले, "आधी पाण्याला. कितीतरी वर्षं फक्त पाण्याला. जीन गेल्यावर मिस्टर पेनफोल्डनाही. परवानगीसाठी नाही. त्यांना एकटं वाटू नये म्हणून."

वकील लगेच उठला. "म्हणजे काही वेळा तो नमस्कार माझ्या अशिलाला होता?"

"होता."

"धन्यवाद. एवढंच."

तो बसला. इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं नाही. "एक सांगा. समजा, त्यांनी एखाद्या दिवशी मान हलवून नाही म्हटलं असतं. तुम्ही परत फिरला असतात?"

खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं, शोधावं लागत होतं. कुणी नाही म्हटलं की मी मागे सरते, दुकानातल्या रांगेतसुद्धा.

"मला फार वाईट वाटलं असतं," मी म्हणाले. "घरी जाऊन रडले असते. पण पाणी घेऊनच गेले असते. नेम त्यांना विचारून धरला नव्हता."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, निर्णय काही आठवड्यांनी कळवू.

बाहेर मोरीन माझ्याशेजारी उभी राहिली. "तू आम्हाला वाचवलंस की बुडवलंस, मला कळत नाहीये," ती म्हणाली.

"मलाही नाही."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला. लोक आमच्या शेजारून जाताना मान हलवत होते, काही नुसतेच जात होते. वाट बंद झाली तर आगाशेबाईंच्या खरेपणाने झाली, असं बुलेटिनात नाही तरी गावात छापलं जाणार होतंच.

पेनफोल्ड आले. वकील गाडीपाशी फोनवर होता.

"जीन खिडकीतून तुमच्यावर लक्ष ठेवायची," ते म्हणाले. "तुम्ही दिसलात की किटली लावायची. म्हणायची, घड्याळापेक्षा ही बाई बरी." ते थांबले. "मला वाटलं, तुम्ही माझी परवानगी मागता. खरंच वाटलं. खोटं नाही लिहिलं मी."

"मला माहीत आहे."

"उद्या..." ते म्हणाले, आणि वकिलाकडे पाहून गप्प झाले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मला कळलं. या म्हटलं की ती परवानगी होणार. येऊ नका म्हटलं तर उद्या अंगणात एकटंच उभं राहायचं. त्यांनी बूट मातीवर घासला. "वकील म्हणतात, आता फाटकाला कुलूप लावायला हवं. अजून काही ठरवलं नाही मी."

मीही विचारू शकत नव्हते, लावणार का म्हणून.

"तुम्ही काही म्हणू नका," मी म्हणाले. "मी उद्या येईन."

त्यांनी मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. वकिलाने हाक मारली तसे ते गेले.

रात्री डोळा लागला असेल-नसेल. उजाडताना उठले. आंघोळ केली, समई लावली. बाहेर धुकं होतं, टेकडीखालचं पेनफोल्डांचं घर दिसत नव्हतं. मी तांब्या घासला, घासलेलाच होता तरी पुन्हा घासला. पायरीवर बसून बूट चढवायला लागले. नाडी दोनदा सुटली.

श्रीकांत स्वेटर अडकवून जिन्यात आले. "अगं, कुलूप असलं तर?"

मौन सुरू झालं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली आले, गुडघे धरत माझ्यापुढे वाकले आणि नाडीची गाठ घट्ट बांधली.

मी पदर खोचला, वरून कोट चढवला, तांब्या उचलला आणि आवाज होणार नाही असं दार ओढून घेतलं.