माथ्यावरची आग

"दाजी, मन्हं ऐकू यी ऱ्हायनं का? ओव्हर."

"यी ऱ्हायनं. तू कथा शे? ओव्हर."

"नालाना पल्याड, आंबानं झाडखाले. ओव्हर."

"आते टेकडीना मांगे जाय. बोलत ऱ्हाय, थांबू नको."

हिलालने चोंगा कानाशी दाबून धरला. भिलाचा आवाज आधी खरखरला, मग तुटक झाला आणि टेकडीची कड ओलांडताच पार नाहीसा झाला. पेटीतून नुसती सूं सूं येत राहिली. घटकाभराने भिला हसत हसत परत आला, पाठीवर पंधरा शेरांची पेटी आणि डोक्यावर काठीसारखी हलणारी एरियलची सळी.

"काय दाजी, ऐकं ना सगळं? मी तं गानंबी म्हनं. ओव्हर."

"आते समोर उभा शे ना तू? मंग ओव्हर कसाले?"

पण 'माझं झालं, आता तू बोल' असं सांगणारा तो शब्द भिलाला फारच आवडला होता. पाणी भरणाऱ्या, डोंगरातल्याच गंगीबाईकडे त्याने सकाळी पाणी मागितलं तेही 'ओव्हर' म्हणूनच, आणि ती बिचारी हंडा टेकवून बघतच राहिली होती.

१९४६चा शिमगा. धडगावच्या बाहेर एका ठेकेदाराच्या मोजणीचे चार तंबू पडले होते. डोंगरातून नर्मदेकडे सडक निघते का ते बघायचं होतं. हिलाल तीन वर्षं ब्रह्मदेशात पलटणीबरोबर बिनतारी यंत्र वाहून आला होता, म्हणून त्याला ही चाकरी मिळाली. शहाद्याकडच्या त्याच्या गावात त्याला 'तारवाला हिलाल' म्हणत. याला तारच नसते हे गावाला समजावण्याचा नाद त्याने केव्हाच सोडला होता.

ठेकेदाराने लष्कराच्या मोडीतून दोन जातींची यंत्रं आणली होती, आणि कुठली न्यायची ते हिलालने ठरवायचं होतं. मोठी जोडी पन्नास मैल बोलायची, डोंगराला जुमानायची नाही. पण एकेका पेटीला चार हमाल, वर बॅटरी भरायचं इंजिन, आणि दोन्ही टोकांना कट्‌-कडकट्‌ची तारभाषा समजणारा माणूस हवा. तसा माणूस एकच होता, तो स्वतः. धाकटी जोडी एका माणसाच्या पाठीवर जायची, दुपारभरात कुणालाही शिकवता यायची. पण मध्ये डोंगराची सोंड आली की मुकी.

"बोला हिलालराव, काय घ्यायचं?" ओव्हरसियर चुडामणरावांनी विचारलं. हे तळोद्याचे, पण कचेरीची मराठी अंगात भिनलेले.

"धाकटी घेऊ साहेब. भिलाले शिकाडेल शे. रोज सकायना आठले नि सांजना पाचले सोंडवर यीसन बोली. नही बोलना, तं समजानं का दरीमा शे."

"आणि खरंच काही झालं तर? साप आहे, अस्वल आहे."

हिलालने त्याचाही विचार केला होता. दूरवर, दोन दऱ्यांपलीकडे, एक बोडका माथा तंबूतून सरळ दिसत होता. "तठे ईस्तो पेटाडाना. आग दिखनी का मी झोळी नि चार मानसे लीसन निंघनूच. होळी तं व्हयी गयी. आते डोंगरमा आग दिखनी तं ती आपलीच."

चुडामणरावांना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. परवाच पुनवेला हिलालने गावच्या होळीत नारळ टाकला होता, पुरणपोळी खाल्ली होती आणि सासरच्या दारावरून भिलाला बरोबर घेतलं होतं. वाटाड्या रायसिंग त्या वेळी तंबूबाहेर ओझी बांधत होता. तो याच डोंगरातला, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याला एवढंच सांगितलं: काही झालं तर त्या माथ्यावर आग पेटव. "हां," रायसिंग म्हणाला.

भिला हा सिंधुबाईचा, हिलालच्या बायकोचा, पाठचा भाऊ. चोवीस वर्षांचा, बाप नसलेला. निघताना सिंधुबाईने नवऱ्याला वेशीपर्यंत पोचवलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, "मन्हा भाऊले संगे ली येज्यात." हिलाल हसला होता. बंदुकीच्या गोळ्यांतून माणसं आणली, सडकेच्या मोजणीचं काय घेऊन बसलीस, असंच त्याला वाटलं.

पुढच्या रांगेवर निशाणाच्या काठ्या रोवायला भिला आणि रायसिंग दोघेच गेले. पहिले दोन दिवस भिला वेळेवर सोंडेवर येऊन बोलला. पाणी गोड आहे, रायसिंग चांगला आहे, भाकरी करपते आहे, ओव्हर. तिसऱ्या दिवशी सांजेला पेटी सूं सूं करत राहिली. हिलालने वहीत 'उत्तर नाही' असं लिहिलं. दरीत असेल.

चौथ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी तो परसाकडे म्हणून तंबूबाहेर आला. दोन दऱ्यांपलीकडे, बोडक्या माथ्याच्या बाजूला, आग होती. लाल, उंच, धगधगती.

"उठा रे! झोळी ल्या!" त्याने हमालांना हाका मारल्या, फेटा गुंडाळला, पाण्याची पखाल उचलली. तेवढ्यात त्याची नजर डावीकडे गेली. तिकडेही एक आग होती. तिच्या खाली, झाडीत, आणखी एक. हिलाल थबकला. तंबूच्या मागच्या बाजूला गंगीबाई हंडा डोक्यावर घेऊन झऱ्यावरून चढत होती. त्याने तिथूनच ओरडून विचारलं,

"गंगीबाई, आज कोठे होळी शे का वं?"

"शे ना, भाऊ. आज आंबापाडानी नि शेजारना पाडानी, दुसरे दिन वडपाडानी. आमन्या होळ्या पहाटले पेटाडतस, आठ आठ दिन चालतीस. यास्ना गावले त्या जातस, त्यास्ना गावले ह्या जातस. एकच दिन पेटाडी तं नाचाले कोन ई?"

हिलालचा जीव भांड्यात पडला. हमाल हसत हसत पुन्हा शेकोटीशी बसले. चुडामणराव डोळे चोळत बाहेर आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "आता तुम्ही आम्हाला आठ दिवस असंच उठवणार वाटतं!" हिलालही हसला. आठला पेटी सूं सूं करत होती. पाचलाही. 'उत्तर नाही.'

पाचव्या दिवशी पहाटे तो मुद्दाम बघायला उठला. आज एकच आग होती, काल सगळ्यात आधी दिसली होती त्याच जागी.

"वडपाडानी," तो शेजारच्या हमालाला माहीतगारासारखा म्हणाला, आणि चहा प्यायला तंबूत गेला.

त्या दिवशी सांजेला, पाचची वेळ होऊन गेली आणि रायसिंग आला. त्याच्या पाठीवर धोतराने बांधलेला भिला होता. रायसिंगचे गुडघे फुटले होते. त्याने भिलाला खाली ठेवलं तेव्हा कुणीही नाडी बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

रायसिंग मोडकंतोडकं बोलला, पण सगळं बोलला. तिसऱ्या दिवशी दुपारी कडा सुटला, भिला खाली गेला, मांडीचं हाड बाहेर आलं. जवळच्या पाड्यावर हा धावत गेला तर पाडा रिकामा. सगळे दुसऱ्या गावच्या होळीला. एकट्याला सोडून धडगावला यावं तर रगताच्या वासाने अस्वल फिरत होतं. पेटी दरीत मुकी, आणि ती माथ्यावर नेऊन बोलायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याने रातभर लाकडं वाहून माथ्यावर आग केली.

"तो म्हने, जाऊ नको. दाजी ईस्तो दखताच निंघस. आपू आठेच ऱ्हाऊ." रायसिंगने कपाळावरचा घाम पुसला. "पहिला दिन कोनी उनं नही. दुसरा दिन मी अजून मोठी करी. तरी कोनी उनं नही. मंग पाठवर लिधा. वाटमा गया."

"काही बोलना का तो?" हिलालने विचारलं. विचारायला नको होतं.

"पेटीसंगे बोली ऱ्हायना व्हता. दोन दिन तेच. दाजी, ऐकू यी ऱ्हायनं का, ओव्हर."

गंगीबाई हंडा घेऊन तशीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, बोडका माथावर कोन होळी पेटाडस? होळी गावमा ऱ्हास, गावदेवना मव्हरे. माले आग दखाडतात तं मी सांगी देतू." तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. तिला खरंच नवल वाटत होतं. रायसिंगलाही तेच वाटलं असणार: माथ्यावरची आग बघून तिला होळी समजणारा माणूस या डोंगरात त्याने जन्मात पाहिला नव्हता.

हिलालने होळी आहे का एवढंच विचारलं होतं. आग कुठे आहे, ते विचारलं नव्हतं.

भिलाला नदीकाठी अग्नी दिला. चुडामणराव तसे मायाळू. त्यांनी हिलालला बाजूला घेतलं. "यंत्र बिघडलं असं मी वर लिहितो. घरीही चिठ्ठी पाठवलीय, कड्यावरून पडला, जागच्या जागी गेला म्हणून. तुम्ही तेवढंच सांगा. बाईमाणसाला कशाला जास्त त्रास?"

"यंत्र बिघडेल नही," हिलाल म्हणाला. त्याने पेटी पुसली, सळी घडी केली, आणि वहीतल्या 'उत्तर नाही' या ओळींखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'आग दोन्ही दिवस दिसली होती.' मग वही चुडामणरावांच्या हातात दिली.

घरी पोचला तेव्हा चिठ्ठी त्याच्या आधी पोचली होती. सिंधुबाई माहेरी, आईपाशी बसली होती; तो तसाच तिकडे गेला. म्हातारी दगूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिलालने भिलाचा सदरा आणि वहाणा ओट्यावर ठेवल्या. सिंधुबाईने सदरा मांडीवर घेतला, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"चिठीमा लिखेल शे, जागावरच गया. खरं ना? तरास नही ना व्हयना त्याले?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. वाटभर हिलाल ते 'हो' तोंडात घोळवत आला होता. पण तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि ते त्याच्याने बाहेर काढवेना.

"नही," तो म्हणाला. "दोन दिन जित्ता व्हता. त्यानी मन्ही वाट दखी. रायसिंगनी आग पेटाडी. दोन्ही दिन माले ती दिखनी."

"मंग?"

"माले वाटनं, होळी शे."

सिंधुबाईने सदऱ्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. भिंतीकडून म्हातारीचा हुंदका आला. हिलाल ओट्याखाली उभाच राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

तेरावा झाल्यावर ती घरी आली. स्वयंपाक केला, गाई बघितल्या, शेतात गेली. त्याचं ताट वाढायची आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. तो एकटा जेवायचा. तिला दोष द्यावा असं त्याला एकदाही वाटलं नाही.

हिलालला मात्र एक खोड लागली. कुठे आग दिसली, धूर दिसला, की तो उठायचा आणि तिथवर चालत जायचा. कुणाच्या मळ्यात, कुणाच्या खळ्यावर, कधी दोन कोसही. आग कुणी लावली, कशाला, विचारायचा आणि परत यायचा. गाव हसायचं. "तारवाला निंघना, कोनी तरी चुल्हा पेटाडा वाटस." हळूहळू हसणंही थांबलं.

दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याआधी, एका सांजेला, हिलाल दारात दोरी वळत बसला होता. सिंधुबाई गोठ्यातून आली. पूर्वेच्या बांधांकडे तिने एकदा बघितलं, मग थांबून नीट बघितलं. तिथे धूर होता, आणि धुराखाली लाल जीभ. हिलालची पाठ तिकडे होती.

ती आत गेली. त्याच्या वहाणा आणि काठी घेऊन बाहेर आली, आणि त्याच्या पायांशी ठेवली.

"जा," ती म्हणाली. "दखी या."

तो गेला. बांधावर म्हातारा धुडकू कचरा पेटवून हात शेकत बसला होता. "काय रे हिलाल?" त्याने विचारलं. "काही नही मामा, दखाले उन्तू," हिलाल म्हणाला आणि थोडा वेळ त्याच्याजवळ उभा राहिला.

परत आला तेव्हा अंधारून आलं होतं. सिंधुबाई दारातच होती.

"कोन शे?"

"धुडकू मामा. कचरा पेटाडेल शे. बरा शे तो."

तिने मान हलवली. ताट वाढलं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.