बारीक राजकन्येचे खोके

मित्रांनो, मी एक जुनी राजकन्या आहे. राजवाडा वगैरे काही नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात, रंगाच्या डब्यांशेजारी माझा मुक्काम. मी प्लास्टरची, मूळ नमुना. माझ्यावरून रबरी साचा घ्यायचा आणि त्यातून कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या काढायच्या, असा आमचा कारभार.

मला काळुराम यांनी घडवलं. त्यांचं घर वडखळजवळ खाडीकाठी, सगळं कुटुंब मिठागरावर राबणारं. आपल्या लेकीला, ऋतुजाला, समोर उभं करून त्यांनी जशी होती तशीच मला केली. रुंद चेहरा, भरलेले दंड, सपाट टेकलेले पाय आणि हातात मीठ ओढायची फळी. कोणी हसलं की म्हणायचे, "मिठाबिगर राजाचा घास तरी उतरंल काय? मंग हीच खरी राजकन्या." माझ्या बाहुल्या साध्या खोक्यातून रोह्याला साहिलशेठच्या खेळण्यांच्या दुकानात गेल्या आणि हातोहात संपल्या.

पुढे काळुराम वारले आणि शेठच्या फर्माइशी सुरू झाल्या. "राजकन्या कामं करते होय?" म्हणून फळी कापली. मग नाक घासलं, गाल घासले. बाहुल्यांचा सावळा रंग जाऊन गोरा आला. खोका गुलाबी झाला म्हणे, त्याला खिडकीही आली. मुकुट वेगळा विकायचा, उंच टाचांच्या चपला वेगळ्या विकायच्या. त्या चपला बसाव्यात म्हणून माझे तळवे इतके कानसले, की टेकायला नुसते चवडे उरले. मी तोंडावर पडले. मग काय, स्टँडही वेगळा विकायला काढला! आधी उभं राहणं काढून घ्यायचं आणि मग तेच विकत द्यायचं. चोर तो चोर, वर शिरजोर!

यंदा शेठ पुन्हा आले. कारखान्याचे मालक प्रविण यांना म्हणाले, "हिची कंबर निम्मी करा. जाड दिसते. 'बारीक राजकन्या' म्हणून खोके छापायला टाकलेत."

ऋतुजा तिथेच बसली होती. आता ती कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखते. जिला जाड म्हटलं ती कंबर तिचीच होती. तिने विचारलं, "कुठल्या पोरीनं हिला जाड म्हटली?"

"ताई, पोरींना काय कळतं? आपण दाखवू तेच त्यांना आवडतं."

मित्रांनो, तो माणूस एवढं एकच खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाची सात वर्षांची मनस्वी शाळेतून आली. शेठचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. खोके बांधायची सुतळी तिने कमरेला करकचून आवळली आणि डबा खायला नकार दिला.

"ह्ये काय गो?" ऋतुजा ओरडली.

"कंबर बारीक करतेय. राजकन्या होयाचं हाय मला."

ऋतुजाने सुतळी सोडली. मग मला मांडीवर घेतलं, कुंचला उचलला आणि माझे डोळे रेखले. नमुन्याला डोळे काढत नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं मी सगळं नुसतं ऐकलं होतं. पहिल्यांदा दिसलं ते काय? त्या लेकराच्या पोटावरचा लाल वळ. माझ्या नावाने उठलेला! असा संताप आला, की मला हात हलवता आला असता तर शेठची काही खैर नव्हती.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. आखणी झाली, की त्या मूर्तीला हत्यार लावायचं नाही. कारागीर सखा कानस घेऊन आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो मागे सरला.

"नाय जमायचं. आखणी झाली हाय."

"अरे, बाहुली हाय ती, देव नाय!" प्रविण खेकसले.

"व्हय, पन डोळं उघडल्यावर मी नाय हात लावायचा. तुमी लावा."

प्रविण यांनी खरंच कानस घेतली. माझ्या कमरेवर टेकवली. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. तेही याच कारखान्यात लहानाचे मोठे झालेले. कानस खाली ठेवून ते ऋतुजाला म्हणाले, "घात केलास गो माझा." आणि बाहेर निघून गेले.

शेठने ते काम दुसरीकडे दिलं. बारीक राजकन्या आज रोह्याच्या दुकानात रांगेने उभ्या आहेत, स्टँडवर. आमचा कारखाना त्या कामाला मुकला आणि ऋतुजाला अजून बोलणी खावी लागतात. मनस्वी मात्र डबा खाते. कधी अर्धा, कधी पूर्ण.

अशा वेळी जुन्या वस्तू सांगतात, की आमची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. मी प्लास्टरची. कितीही कानसलं तरी मला दुखलं नाही, मित्रांनो. तुम्हाला दुखतं.