दोन ओळींची दुरुस्ती

दुरुस्ती होती अवघ्या दोन ओळींची आणि तीन दिवस ती अडकून पडली होती. दवाखान्यांच्या अ‍ॅपमधून रुग्णांना अपॉइंटमेंटच्या आठवणीचा मेसेज दोनदा जात होता. अ‍ॅपचा कोड लिहिणाऱ्या टीममध्ये ती होती; चूक कुठे आहे हे तिने तासाभरात शोधलं. पण टीमचा नियम असा, की दोन सहकाऱ्यांनी वाचून होकार दिल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे सरकायचा नाही. नियमाबद्दल तिची तक्रार नव्हती. वाचणाऱ्यांनी मात्र तिला जीव नकोसा केला होता.

टीममधल्या ज्येष्ठ डेव्हलपरला सगळे पाठीमागे कानामात्रा म्हणत. त्याला कोडमधलं एक नाव खटकलं. तिने बदललं. मग शेजारच्या खुर्चीवरच्याला जुनंच नाव बरं वाटलं. आज कानामात्राने एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. दोन ओळींवर सव्वीस शेरे झाले होते.

"दुरुस्ती बरोबर आहे ना पण?" तिने विचारलं.

"ती अजून पाहिली नाही मी," तो शांतपणे म्हणाला. "आधी नावाचं मिटू दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वाजता लेकीची पोहण्याची शर्यत होती. आधीच्या दोन या ऑफिसपायी बुडाल्या होत्या. "या वेळी नक्की," असं तिने सकाळी कबूल केलं होतं, आणि मॅनेजरने बजावलं होतं, मेसेजचं काम झाल्याशिवाय हलायचं नाही.

तीन वाजता तिने पाहिलं, कोणाचातरी बाराशे ओळींचा कोड दोन मिनिटांत मंजूर झाला. एवढं वाचतंय कोण? मग तिनेही आपल्या मशीनवर सहा महिने साचलेले साफसफाईचे सगळे बदल गोळा केले, मधोमध त्या दोन ओळी कोंबल्या आणि चौदाशे ओळी पाठवून दिल्या.

चौथ्या मिनिटाला कानामात्राने लिहिलं, "छान काम." शेजाऱ्याने नुसता अंगठा टाकला. दोन्ही होकार मिळाले होते; संध्याकाळचे मेसेज आता नव्या कोडने जाणार होते. तिने बॅग उचलली.

ती तलावापाशी पोचली तेव्हा लेक पाण्याच्या काठावर उभी होती. आईला पाहून तिने जोरात हात हलवला. तेवढ्यात फोन थरथरला. उद्या दहा वाजता तुमची दातांची अपॉइंटमेंट आहे. तिचे दात ठणठणीत होते. पाठोपाठ डोळ्यांची आली, मग कोणाच्यातरी बाळाच्या लशीची.

तिला एकदम आठवलं. मध्यंतरी चाचणीसाठी तिने सगळे मेसेज स्वतःच्या नंबरवर वळवले होते. ते वळवणारी ओळही त्या ढिगात गेली होती. आता प्रत्येक आठवण एकदाच जात होती, पण सगळ्या तिलाच.

तिने बाकावरच लॅपटॉप उघडला, ती ओळ काढली, बदल पाठवला आणि कानामात्राला फोन लावला. "आत्ता बघा, प्लीज. लोकांना मेसेज जात नाहीयेत."

शिट्टी वाजली. पाणी उसळल्याचा आवाज आला. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

मान वर केली तेव्हा लेक समोर उभी होती, केसांतून पाणी निथळत.

"आई, कितवी आले मी?"

तिची नजर पुन्हा खाली गेली. स्क्रीनवर पहिला शेरा उमटला होता: ओळ का काढली, ते दोन शब्दांत लिहाल का?

लेकीने थोडी वाट पाहिली. मग बाकावरचा टॉवेल तिने आपला आपणच उचलला.