ओमा आल्विनच्या फळ्या

"बघ गं, पाय बाहेर येतायत का?"

अंगणात मांडलेल्या फळीवर ओमा आल्विन उताणी पडली होती. डोक्याला रुमाल, छातीवर हात, डोळे घट्ट मिटलेले. आजूबाजूला कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"नाही येत," मी म्हटलं. "उलट हातभर फळी उरतेय."

"उरायचीच. तुझ्या हातचं खाऊन झिजले मी."

"उठा आता. मुंग्या चढतील."

"चढू देत. ओळख झालेली बरी."

ओमा म्हणजे माझी सासू. मुलं झाल्यावर मीही तिला मुलांसारखं ओमाच, म्हणजे आजीच, म्हणू लागले. आमच्या वाल्डफुर्टमध्ये हिवाळा सरता सरता कोरडं ऊन पडलं की म्हातारी माणसं आपापल्या शवपेटीच्या फळ्या पोटमाळ्यावरून खाली काढतात, पुसतात, वाळवी लागली का बघतात आणि उन्हात पालथ्या घालतात. गाद्या वाळत घालाव्यात तितक्या सहज. मी नवी सून होते तेव्हा अंगणात त्या फळ्या बघून मला धडकीच भरली होती. नवऱ्याला विचारलं, "एगोन, कोण गेलं?" तो म्हणाला, "कुणी नाही. आईच्या आहेत."

ही रीत पहिल्या लोकांपासूनची. जर्मनीतून ब्राझीलला आलेली ती माणसं होड्यांनी नदीतून वर आली आणि काठावरच्या कानेलाच्या एका प्रचंड झाडाखाली पहिली रात्र झोपली. पहिल्याच पावसाळ्यात तापाची साथ आली. जंगलभर लाकूड होतं, पण सगळं ओलं. माणसं शिडाच्या कापडात गुंडाळून पुरावी लागली. ओमाच्या पणजीनं तर आपलं पोर जर्मनीहून आणलेल्या कपड्यांच्या पेटीत ठेवून पुरलं. त्यानंतर वसाहतीनं ठरवून टाकलं, प्रत्येक घरात सुक्या फळ्या ठेवायच्या. कुणाकडं अचानक मरण आलं आणि लाकूड नसलं, तर ज्याच्याकडं असेल त्यानं द्यायचं. मागाहून मृताच्या घरच्यांनी नव्या फळ्या वाळवून परत करायच्या. मरणाच्या दारात नाही म्हणायचं नाही.

ओमाच्या फळ्या मात्र साध्यासुध्या नव्हत्या. पहिल्या रात्रीचा तो कानेला एका वादळात उन्मळून पडला, तेव्हा माझे सासरे रायनहोल्ड यांनी तो स्वतः करवतीनं कापला आणि दोन माणसांपुरत्या फळ्या काढल्या, एक वाटणी त्यांच्यासाठी, एक तिच्यासाठी. पुढच्याच वर्षी ते त्यांच्या वाटणीत जाऊन झोपले. ओमाची वाटणी पोटमाळ्यावर राहिली. दोघांनी एकाच झाडात झोपायचं, एवढंच तिचं मागणं. देवाकडं तिनं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही, पाऊससुद्धा नाही.

मी या घरात आले ती नदीपलीकडून. माझे बाबा बेल्मिरो मासे पकडायचे, होडीतून माणसं-सामान पोचवायचे. सावळे, बुटके, आवाज मात्र अर्ध्या नदीला ऐकू जाईल असा. लग्नात ओमा शेजारणीला म्हणाली होती, "एवढासा माणूस, आणि एवढा आवाज ठेवतो कुठं?" मला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाली होती. दर रविवारी बाबा मासे घेऊन यायचे आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायचे. ओमा त्यांना मक्याचा पाव आणि कॉफी द्यायची. कॉफी पत्र्याच्या मगात, आणि तो मग वेगळ्या खिळ्याला टांगलेला. तिनं त्यांना कधी उपाशी पाठवलं नाही आणि कधी उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. मला त्याचा राग यायचा. बाबा म्हणायचे, "जांदिरा, पायरीवर वारा चांगला येतो."

मग त्र्याऐंशीचा पूर आला. पाऊस थांबायचं नावच घेईना. नदी आधी बागेत आली, मग खिडकीशी, मग आम्ही सगळे पोटमाळ्यावर, त्या फळ्यांवर दाटीवाटीनं बसलेलो. दुसऱ्या दिवशी बाबांचा आवाज ऐकू आला. पोटमाळ्याच्या खिडकीशी होडी लावून ते ओमाला पोर्तुगीजमध्ये बाईसाहेब म्हणून हाक मारत ओरडत होते, "दोना आल्विना, उतरा! आज तरी तुम्हाला माझ्या घरात बसावं लागणार!"

ओमानं खाली पाणी बघितलं, वर आढ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं होडीत उतरली. फळ्या मागं राहिल्या. टेकडीवरच्या शाळेत पोचेपर्यंत ती मान वळवून घराकडंच बघत होती.

बाबा दोन दिवस भिजत माणसं आणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. शाळेच्या वर्गात मक्याच्या पानांच्या गादीवर त्यांना निजवलं. शेजारची गादी ओमाची. तिचं पोर्तुगीज दुकानापुरतं आणि बाबांचं जर्मन शिव्यांपुरतं, तरी दोघं बोलत राहिले.

"माझ्या फळ्या तेवढ्या सुक्या राहू देत," ओमा म्हणाली. मग त्यांना झाडाची सगळी हकीकत सांगितली. "आमची माणसं आली तेव्हा इथं काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं जंगल."

बाबांना हसता हसता खोकल्याची उबळ आली. "जंगलात आम्ही होतो ना, दोना आल्विना."

"तुम्ही?"

"माझ्या आईची माणसं. मासे भाजायला त्याच झाडाखाली यायची. मग बंदुकवाल्यांना पैसे देऊन जंगलात पाठवलं तुमच्या लोकांनी. आई लहान होती. बाकीचे गेले, हिला धरून आणलं आणि एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात कामाला ठेवलं. म्हातारी होईपर्यंत भांडी घासायची ती त्या झाडाकडं तोंड करून."

ओमानं विचारलं, "कुणाच्या स्वयंपाकघरात?"

"ते कशाला आता? ती माणसंही गेली, आईही गेली."

मी बाबांसाठी माते, आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, करून आणला होता. मातेचा पोकळ भोपळा एकाच नळीनं सगळ्यांत फिरतो, पण ओमा माझ्या माहेरच्या कुणाची उष्टी नळी तोंडाला लावत नसे. कॉफीच आवडते म्हणायची. बाबांनी दोन घोट घेतले, दमले आणि भोपळा माझ्याकडं द्यायला हात पुढं केला. तो ओमानं मधेच घेतला. नळी पुसलीसुद्धा नाही. शेवटपर्यंत प्यायली आणि मला म्हणाली, "पाणी गार झालंय. दुसरं आण."

मी पाणी तापवायला बाहेर गेले आणि चुलीशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. बाहेर अजून पाऊसच होता. सुतार ओस्वाल्डची वखार छपरापर्यंत बुडालेली, शाळेची बाकं लोखंडी. ओस्वाल्ड टोपी हातात घेऊन म्हणाला, "चादरीत बांधू. दुसरं काय करणार?"

"माझ्या पोटमाळ्यावर सुक्या फळ्या आहेत," ओमा म्हणाली.

त्या कुठल्या फळ्या हे वाल्डफुर्टमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"ओमा," ओस्वाल्ड म्हणाला, "तसलं लाकूड परत नाही मिळायचं तुम्हाला."

"मला अक्कल शिकवू नकोस. होडी काढ. एगोन, तू जा याच्याबरोबर."

मी तिचा हात धरला. "नको, ओमा. बाबांना चादर चालेल. तिकडं गेल्यावर रायनहोल्डना काय सांगाल?"

"सांगेन, ज्यांचं झाड होतं त्यांच्या घरी दिलं." मग आवाज चढवून म्हणाली, "आणि चादर कशी चालेल? माझ्या पणजीनं कपड्यांच्या पेटीत पोर पुरलंय. तेव्हापासून या गावात कुणी उघडं जात नाही."

बाबांची दफनभूमी, कॅथलिकांची, नदीपलीकडं पाण्याखाली होती. आमचे प्रोटेस्टंट पाद्री जरा चाचरले. दुसऱ्या पंथाचा माणूस आपल्या टेकडीवर कसा पुरायचा, वरच्यांना विचारायला हवं, असं काहीतरी म्हणाले.

ओमा म्हणाली, "विचारा. तोपर्यंत याला कुठं टांगून ठेवू, तेवढं सांगा."

बाबा आमच्या टेकडीवर, कुंपणाच्या कडेला झोपले. पेटी बंद करताना कानेलाचा वास वर्गभर पसरला होता, खडूच्या आणि ओल्या कपड्यांच्या वासावर मात करून. बाबा बुटके, त्यामुळं एक फळी उरली. ओस्वाल्डनं ती ओमाला परत दिली. पाणी उतरल्यावर, घरातला चिखल काढून झाल्यावर ओमानं एगोनकडून तिचं बाक करून घेतलं आणि ते स्वयंपाकघराच्या पायरीशी ठेवलं, बाबा बसायचे त्या जागी. पत्र्याचा मग कुठं गेला ते मी विचारलं नाही. पुरात गेला म्हणायला सोय होती.

तेव्हापासून रोज दुपारची कामं आटोपली की आम्ही दोघी त्या बाकावर बसायचो, ती उजवीकडं, मी डावीकडं. भोपळा आमच्यात फिरायचा. बोलणं फार गोड असायचं असं नाही. माझ्या भातात मीठ जास्त, माझी पोरं आगाऊ, माझा आवाज बापावर गेलेला. मीही ऐकून घेत नसे. पण एखाद्या दिवशी मला उशीर झाला, तर ती भोपळा भरून तशीच बसून राहायची, एकटी प्यायची नाही.

दोन हिवाळ्यांनी माझा भाऊ अनिबाल बैलगाडी घेऊन आला. गाडीत सीडरच्या फळ्या. बाबांच्या झोपडीमागचं झाड त्यानं तोडलं होतं आणि फळ्या सावलीत वाळवल्या होत्या. रीतीप्रमाणं परत करायला तो पहिल्यांदा पुढच्या दारानं आला, कारण ओमानं त्याला मागच्या दारानं येऊच दिलं नाही.

ओमा लगेच अंगणात फळीवर आडवी झाली. "बघ गं, पाय?"

"आतच आहेत."

"वास बरा आहे," ती डोळे मिटून म्हणाली. "कानेलासारखा नाही. पण बरा आहे."

मला ते लागलं. तिनं काय देऊन टाकलं होतं ते त्या एका वाक्यात मला परत दिसलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की तिची वेळ येईल तेव्हा बाकाची फळी काढायची आणि तिच्या डोक्याखाली घालायची. निदान तेवढं तरी रायनहोल्डच्या झाडाचं तिच्याजवळ असावं. ओस्वाल्डलाही मी गुपचूप सांगून ठेवलं होतं.

पण आमच्या गावात गुपचूप काही राहतं का? ती अंथरुणाला खिळली त्या शेवटच्या आठवड्यात मी तिला सूप भरवत होते. तिनं चमचा हातानं बाजूला सारला.

"बाकाला हात लावायचा नाही."

"कुठलं बाक?"

"भोळी होऊ नकोस. ओस्वाल्डला तोंड आवरत नाही."

"ओमा, एक फळी तर आहे. तुम्हाला त्या झाडात झोपायचं होतं ना?"

"होतं." ती दम घेत थांबली. "रायनहोल्डशेजारी आता मी कायमचीच पडणार आहे. फळीवाचून त्याचं काही अडत नाही. पण ती काढलीस, तर तू कुठं बसशील?"

मी चमचा परत तिच्या तोंडाशी नेला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली आणि सगळं सूप प्यायली.

ती अनिबालच्या सीडरमध्ये गेली. पेटी खांद्यावर घेताना एका बाजूला एगोन होता, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. टेकडीवर रायनहोल्डशेजारी तिला ठेवलं. बाबा तिथून चार कबरी पलीकडं, कुंपणाशी आहेत, तिच्या झाडात. ती त्यांच्या झाडात. पाद्री बोलत होते आणि मी मात्र कधी इकडं, कधी तिकडं बघत होते.

घरी आल्यावर सगळ्यांना कॉफी आणि केक दिला. मंडळी पांगली. एगोन गाई बघायला गेला. मी पाणी तापवलं, भोपळा भरला आणि बाकावर माझ्या बाजूला जाऊन बसले. नदी खाली नेहमीसारखी वाहत होती. मी एक घोट घेतला, आणि सवयीनं भोपळा उजवीकडं धरला.