सोजरबाईचं वय

वाटणीच्या कागदांसाठी तलाठ्याने वंशावळ मागितली, नावं आणि वयांसकट. धनजच्या नानाजी देशमुखांनी सगळ्यांची वयं लिहिली आणि थोरल्या बहिणीपाशी येऊन अडले. सोजरबाई स्वतःला चौसष्ट वर्षांची सांगायची. पण तिचे दात सगळे शाबूत होते आणि कापूस वेचताना ती तरण्या सुनांना मागे टाकायची.

तिच्यापुढे वयाचा विषय काढायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच नागपंचमीला तिचा तेरा वर्षांचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडला. ती ओरडली नाही, कुणाला बोलवायला धावली नाही, भुसा-कुटाराच्या ढिगात जाऊन लपली. "अकरा वर्साची घोडी, साधं बोंबलता आलं नाही?" असं म्हणत सासूने तिला माहेरी आणून टाकलं. देशमुखांत विधवेचा पाट लावत नाहीत, म्हणून ती कायमची इथेच राहिली. सासू केव्हाच मेली, पण तिचं ते वाक्य सोजरबाईने मरू दिलं नाही.

"मी शानी व्हती रे नाना," ती अजून म्हणायची, "मीच मारलं त्याले."

नानाजी तालुक्याच्या कचेरीत जाऊन गावच्या जन्ममृत्यूंचं जुनं कोतवाल बुक उघडून बसले. जन्माची नोंद शोधता शोधता हाती लागली ती मृत्यूची. सोजर, बाप गोविंदराव, वय अकरा, पटकीने मयत, एप्रिल एकोणीसशे तीन. जिने सकाळी त्यांना भाकर बांधून दिली होती, ती त्रेपन्न वर्षांपूर्वीच मेलेली! आणखी पाच वर्षं मागे गोविंदरावांच्या नावापुढे नुसतं 'मुलगी' लिहिलेलं सापडलं. जन्मलेल्या लेकराचं नाव त्या वहीत लिहीतच नसत.

नानाजी तडक मारोतरावांकडे गेले. वडिलांचा हा चुलतभाऊ आता नव्वदीला टेकला होता आणि त्या लग्नाला हजर असलेला तेवढाच एक माणूस जिवंत होता.

"काका, पटकीनं कोन मेलं व्हतं?"

म्हातारा आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मांडव टाकला व्हता. पत्रिका जुयली व्हती, सोयऱ्याले शब्द देल्ला व्हता. थोरली गेली, तं धाकटीले तिच्याच नावानं उभी केली. पाच वर्साची व्हती. मामानं कडेवरच बोहल्यावर नेली. पोरगी खुरटी हाय म्हनून सांगतलं."

वा रे देशमुखी! पोर गेली तरी चालेल, पण शब्द जाता कामा नये. नानाजींना मेलेल्या बापाचा संताप आला. तरीही घरी परतताना त्यांना वाटत होतं, निदान आता तरी बहिणीच्या मनावरचा धोंडा उतरेल.

सोजरबाई ओसरीवर तूर निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"बाई, पाच वर्साचं लेकरू काय बोंबलनार? भेवून लपनारच ना. तुहा काही गुन्हा नाही."

सोजरबाईचा हात सुपातच राहिला. चेहरा मोकळा झाला नाही, उलट आणखीच आवळला.

"बाबाले मालूम व्हतं?"

"त्याइनंच तं केलं सारं."

"मी रडो, मीच मारलं त्याले म्हनो, तवा बाबा जवळ येऊन बसे. पाठीवरून हात फिरवे." तिने सूप बाजूला सारलं. "मरेपर्यंत आयकलं त्यानं माहं. एक डाव बी म्हनला नाही रे नाना, पोरी, तू ल्हान व्हती."